महाविद्यालयाची निवड : द्रव्य, वातावरण आणि अनुरूपता

महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जी केंद्रीभूत पद्धती गेली कित्येक वर्षे अमलात आहे, तीत विद्यार्थ्याने आपल्या पसंतीची महाविद्यालये क्रमवार लिहून द्यावयाची असतात, आणि पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा वाट्यास आली तर ती पत्करण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून दोन महाविद्यालयांतून एकाची निवड करण्याचा क्षण प्रवेश मिळाल्यानंतर येतो, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती बरोबर नव्हे. विकल्प-अर्ज भरतानाच तो येऊन गेलेला असतो. पुष्कळ घरांत हा अर्ज मुदतीच्या अखेरच्या रात्री, गतवर्षीच्या कट-ऑफच्या याद्या समोर ठेवून भरला जातो: ज्या महाविद्यालयाचा कट-ऑफ उंच ते वर, ज्याचा खालचा ते खाली, एवढाच त्यामागील विचार. वस्तुतः कट-ऑफ हा मागील वर्षी इतर मुलांनी कोठे गर्दी केली याचा दाखला आहे; आपल्या मुलाची चार वर्षे कोठे सार्थकी लागतील याविषयी तो फारसे काही सांगत नाही.

अशा निवडीत तोलावयाच्या गोष्टी मुख्यतः तीन आहेत: शिक्षणाचा एकंदर खर्च, संस्थेचे वातावरण, आणि त्या विशिष्ट विद्यार्थ्याशी त्या संस्थेचा जुळणारा मेळ. या तिन्हींचा आढावा घेण्यापूर्वी माझे मत नमूद करून ठेवतो, म्हणजे वाचकाला पुढील विवेचन कोणत्या दिशेने जात आहे हे कळेल. ही तीन प्रकरणे परस्परांपासून अलग नाहीत. द्रव्याचा हिशेब आरंभी पुरता केला नाही, तर तोच पुढे वातावरणाच्या आणि अनुरूपतेच्या प्रश्नात रूप पालटून उतरतो, आणि मग मुलाला कॉलेज मानवले नाही असे आपण म्हणतो; वास्तविक त्याला न मानवलेली वस्तू बहुधा ओढाताण ही असते.

निवड करण्याइतकी महाविद्यालये असणे हीच मुळी अलीकडची गोष्ट आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कोकणातील किंवा देशावरील मुलाला मुंबई किंवा पुणे गाठणे एवढाच मार्ग होता, आणि मराठवाड्यातील मुलाला त्यानंतरही दीर्घकाळ हैदराबादेकडेच पाहावे लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिक्षण कोल्हापूरचे राजाराम, पुण्याचे डेक्कन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन अशा तीन कॉलेजांत होऊन १८८४ साली ते पदवीधर झाले. परंतु वडील वारल्यानंतर या शिक्षणाचा भार थोरले बंधू गोविंदराव यांनी आपल्या पंधरा रुपयांच्या मासिक वेतनातून आठ रुपये धाकट्या भावाला पाठवून उचलला, हे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. निम्म्याहून अधिक प्राप्ती एका मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला काढणारे कुटुंब ही आपल्याकडील जुनी गोष्ट आहे, आणि ज्या कुटुंबात हे घडले तेथे कॉलेजच्या नावलौकिकाबरोबर दर महिन्याच्या पहिल्या तारखेचाही विचार झाला असलाच पाहिजे.

१९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास राज्य शासनाने परवानगी दिली आणि या चित्राचा कायापालट झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत, पुढे तालुक्यांतही, महाविद्यालये उभी राहिली. कॅपिटेशन फीविरुद्ध १९८७ चा कायदा, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे १९९२ पासूनचे एकामागून एक निवाडे, आणि अखेर प्रवेश व शुल्क यांचे विनियमन करणारा २०१५ चा अधिनियम, असा त्या वाढीला लगाम घालण्याचा इतिहास आहे. त्याच्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही. परिणाम एवढाच लक्षात घ्यावयाचा की, आज पाटण तालुक्यातील एखाद्या प्राथमिक शिक्षकाच्या मुलापुढे १९६० साली स्थापन झालेले कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सुमारे १६० किलोमीटरवरील पुण्याचे एखादे नामांकित विनाअनुदानित महाविद्यालय, असे दोन पर्याय एकाच अर्जात एकाखाली एक लिहिलेले असतात. हेच उदाहरण मी पुढे डोळ्यांसमोर ठेवणार आहे, कारण अशा जोड्या राज्यभर आहेत आणि त्यांत दोन्ही पारड्यांत खरोखरीच काहीतरी वजन असते.

खर्चाची गणना करताना बहुतेक पालक माहितीपुस्तिकेतील शिक्षण शुल्काचा आकडा पाहतात आणि तेथेच थांबतात. परंतु शुल्काच्या फेरिस्तीत शिक्षण शुल्काखाली विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत रक्कम अशा आणखी बाबी असतात. आणि संस्थेच्या फेरिस्तीबाहेर वसतिगृह किंवा कॉट बेसिसवरील खोली, तिचे डिपॉझिट, दोन वेळची मेस, लॅपटॉप, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, आणि उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरी राहावे लागल्यास तेथील दोन महिन्यांचा निर्वाह, एवढा जमाखर्च उरतोच. पुण्यात वसतिगृहाची जागा पहिल्या वर्षापुरती मिळून दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला बाहेर खोली शोधावी लागते असे अनेक ठिकाणी घडते. म्हणून पहिल्या वर्षाच्या आकड्याला चाराने गुणणे हा हिशेब नव्हे, चारही वर्षांचा ताळेबंद वेगवेगळा मांडला पाहिजे.

या ताळेबंदाची दुसरी बाजू शासकीय साहाय्याची, आणि ती दुर्लक्षून निर्णय घेणारी कुटुंबे विनाकारण नुकसान सोसतात. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाच्या योजनेतून शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची प्रतिपूर्ती मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने त्याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी झाली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना, तर इतरांपैकी पात्र विद्यार्थ्यांना पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. महाडीबीटी या शासकीय पोर्टलवर दरखास्त करताना उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, अधिवास असे दस्तऐवज लागतात आणि त्यांपैकी एक जरी वेळेवर हाती नसला तर वर्ष वाया जाते, हे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या पालकांना सांगावयास नको. मात्र एक अट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही: या सवलती केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या जागेला लागू आहेत, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला नाहीत. त्यामुळे अधिक नावाच्या महाविद्यालयात कोट्यातून जाणारा विद्यार्थी चढ्या शुल्काबरोबर सवलतीलाही मुकतो, आणि दोहोंतील अंतर कागदावर दिसते त्याहून कितीतरी पटीने वाढते. शिवाय प्रतिपूर्तीची रक्कम उशिरा येण्याचा शिरस्ता सर्वपरिचित आहे. तोवर संस्था थांबते की विद्यार्थ्याकडून पूर्ण रक्कम आगाऊ मागते, ही चौकशी प्रवेशापूर्वी करावी.

उरलेली तूट कर्जाने भरावयाची असेल तर तिचा अर्थ पालकाने आणि मुलाने एकत्र बसून समजून घ्यावा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एका वर्षाने सुरू होतो, परंतु व्याजाची आकारणी रक्कम उचलल्या दिवसापासून चालू असते. समजा, दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत सहा लाख रुपये दहा टक्के दराने उचलले. पाचव्या वर्षाअखेर सरळव्याजानेच दोन लाख दहा हजार रुपये त्यात मिळून देणे आठ लाख दहा हजारांचे होते, आणि ते दहा वर्षांत फेडावयाचे ठरवले तर मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपयांचा, म्हणजे एकूण परतफेड पावणेतेरा लाखांच्या पुढची. २०२४ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळासाठी तीन टक्के व्याजसवलत आहे, परंतु ती क्रमवारीत वरच्या ठरलेल्या संस्थांपुरती आहे. आपली संस्था तीत बसते काय हे पाहावे. पहिल्या नोकरीचे वेतन तीस हजार असेल तर वरील हप्ता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होतो, आणि ज्या मुलाने अजून कमावण्यास प्रारंभ केलेला नाही त्याच्या वयाच्या तिसाव्या वर्षानंतरपर्यंतची प्राप्ती अशा रीतीने गहाण पडते. हे कर्ज कधीच काढू नये असे माझे म्हणणे नाही. केवळ नावासाठी ते काढू नये, एवढे मात्र मी आग्रहाने म्हणेन.

पैशाबरोबर वेळेचाही खर्च असतो आणि तो कोणत्याच पुस्तिकेत छापलेला नसतो. डोंबिवली-कल्याणहून माटुंग्याला किंवा अंधेरीला लोकलने जाणारा विद्यार्थी दिवसाचे तीन तास प्रवासात घालवतो, आणि सायंकाळी साडेपाचला सुरू होणारी नाटकाची तालीम किंवा वादविवाद मंडळाची बैठक त्याच्यासाठी नसल्यासारखीच असते. ज्याला घरखर्चाला हातभार लावण्यासाठी काम करावे लागते त्याची अवस्था याहून कठीण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळच्या प्रहरी भरवण्याची तजवीज केली. आणि १९५० साली औरंगाबादेत जे महाविद्यालय काढले, तेथे खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय हा संस्थेचाच भाग मानला. विद्यार्थ्याच्या खिशाकडे आणि घड्याळाकडे पाहून महाविद्यालयाची रचना करावी, ही दृष्टी मला आजही अत्यंत अनुकरणीय वाटते.

किंबहुना मराठी शिक्षणाच्या इतिहासातील उत्तमातले उत्तम काम वर्गाच्या भिंतींइतकेच वसतिगृहाच्या भिंतींत झाले आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि नंतरच्या दोन दशकांत निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी तेथे वसतिगृहांची रांग उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह चालवले, आणि १९४७ साली तेथेच जे महाविद्यालय काढले त्यात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला स्थान दिले. पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून शिकणाऱ्या मुलांची जुनी परंपरा मागे पडली ती अशा संस्थांच्या आणि विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या वसतिगृहांच्या योगाने. दोन महाविद्यालयांची तुलना करताना, आपल्या मुलाला कोणत्या शहरात असे छत मिळू शकेल ही चौकशी मी प्रयोगशाळांच्या चौकशीच्या आधी ठेवीन. त्या छतामुळे दूरच्या महाविद्यालयाचा खर्च एकदम आटोक्यात येऊ शकतो, आणि मग त्या पर्यायाचा पुनर्विचार करणे न्याय्य ठरते.

आता वातावरणाकडे वळू. पुण्याच्या महाविद्यालयांत १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेसाठी पावसाळ्यात रात्री-अपरात्री तालमी चालतात. सीओईपी या जुन्या अभियांत्रिकी संस्थेच्या मुलांचा संगमाजवळ नदीवर रेगाटा होतो. रुईयाच्या किंवा फर्ग्युसनच्या कट्ट्यावर बसून दोन-तीन पिढ्यांनी जे वाद घातले त्यांतून मराठीला लेखक, नट आणि कार्यकर्ते मिळाले. हे सर्व खरे आहे आणि मोलाचे आहे. परंतु अशा वातावरणाचा लाभ त्यालाच होतो जो त्यात रात्री नऊपर्यंत थांबू शकतो, ज्याला कँटीनमध्ये वर्गणी काढताना संकोच वाटत नाही, आणि ज्याच्या मनावर घरच्या हप्त्याचे दडपण नाही. पाटणहून गेलेला जो मुलगा पैसे वाचवण्यासाठी पिंपरीच्या टोकाला खोली घेऊन दोन बस बदलत येतो आणि संध्याकाळी शिकवण्या घेतो, तो पुण्यात राहूनही त्या पुण्यापासून दूरच राहतो. उलटपक्षी कराडच्या वसतिगृहातील मुलाला नाट्यगृहे कमी मिळतील, परंतु ग्रंथालय बंद होईपर्यंत बसणे, प्रयोगशाळेत सरांबरोबर उशिरापर्यंत यंत्र खोलून पाहणे, मैदानावर खेळणे, हे सर्व त्याला चार पावलांवर आणि विनामूल्य असेल.

भाषेचा प्रश्नही वातावरणाचाच भाग आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला पहिल्या सहामाहीत व्याख्याने कळतात, पण प्रश्न विचारण्याचे धैर्य होत नाही. आणि ज्या वर्गात प्रश्न विचारणाऱ्यांची भाषा एका विशिष्ट शाळांची असते तेथे हे मौन चारही वर्षे टिकून राहण्याचा संभव असतो. २०२१ पासून पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु अशी सोय नसेल तेथेही शिक्षक मराठीतून शंकानिरसन करतात काय, हे वरच्या वर्गातील दोन-चार विद्यार्थ्यांना विचारले तर सहज कळते. भेट द्यावयाची ती कामाच्या दिवशी, दुपारी. स्नेहसंमेलनाच्या किंवा पालकसभेच्या दिवशी प्रत्येक महाविद्यालय सारखेच सुंदर असते. रॅगिंगविरुद्ध १९९९ चा राज्याचा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत. त्यांची पाटी भिंतीवर आहे काय यापेक्षा वसतिगृहाचे अधीक्षक रात्री तेथे राहतात काय, हे पाहावे.

येथे माझ्या एकंदर प्रतिपादनाला एक मोठा अपवाद मला करावयाचा आहे. घराजवळचे, स्वस्त महाविद्यालय हा पर्याय मुलींच्या बाबतीत वेगळ्या रीतीने तपासला पाहिजे. ज्या घरात मुलगी कॉलेजातून परतल्यावर स्वयंपाक, धाकटी भावंडे आणि आजारी आजी यांची जबाबदारी निमूटपणे तिच्याकडे येते, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून स्थळे पाहण्यास सुरुवात होते, त्या घरात ‘जवळ’ या गोष्टीची किंमत तिच्या अभ्यासातून वसूल होत असते. अशा मुलीसाठी चांगल्या वसतिगृहासह दूरचे महाविद्यालय हेच योग्य, आणि शुल्कमाफीच्या निर्णयानंतर ते पूर्वीइतके आवाक्याबाहेरही राहिलेले नाही. गावच्या जातीच्या वर्तुळात ज्याची ओळख आडनावावरून ठरते त्या दलित विद्यार्थ्यालाही मोठ्या शहराची अनोळखी गर्दी कित्येकदा मोकळा श्वास देते. अशा ठिकाणी अधिक खर्च हा नावासाठी केलेला खर्च नव्हे, आणि त्यासाठी तजवीज करणे हे कुटुंबाचे कर्तव्यच आहे.

राहिला अनुरूपतेचा विचार. महाविद्यालय म्हणून जी वस्तू आपण तोलतो ती पुष्कळशी काल्पनिक असते. विद्यार्थ्याचा संबंध एका शाखेशी आणि तिच्यातील आठ-दहा शिक्षकांशी येतो. नॅकचे मानांकन आणि २०१६ पासून प्रसिद्ध होणारी राष्ट्रीय क्रमवारी ही मुख्यतः संस्थेचा समग्र विचार करतात. एनबीएची मान्यता मात्र त्या त्या अभ्यासक्रमाला स्वतंत्रपणे मिळते, सबब आपल्या शाखेला ती आहे काय हे पाहणे अधिक उपयुक्त. शाखेतील कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरील किती, हा प्रश्न तर मी सर्वांत वर ठेवीन. अनुदानित आणि शासकीय महाविद्यालयांतील रिक्त पदे हे या राज्याचे जुने दुखणे आहे, आणि ज्या शासकीय महाविद्यालयाच्या बाजूने मी बोलत आहे त्यालाही या कसोटीतून सूट देता येणार नाही. शिक्षकांची नावे प्रत्येक तंत्रसंस्थेला जाहीर करावीच लागतात. दोन्ही महाविद्यालये एकाच विद्यापीठाशी संलग्न असतील तर अभ्यासक्रम आणि परीक्षा एकच. मग फरक शिक्षक आणि प्रयोगशाळा यांपुरता उरतो. एखादे स्वायत्त असेल तर त्याचा अभ्यासक्रम वाचून पाहावा. नोकऱ्यांच्या बाबतीत सर्वाधिक पॅकेजचा जो आकडा फलकावर लागतो तो एका मुलाचा असतो. क्रमवारीसाठी सादर केलेल्या माहितीत मध्यक वेतन आणि उच्च शिक्षणास गेलेल्यांची संख्या दिलेली असते, ती पाहावी.

या सर्व कसोट्या लावून पाटणच्या त्या शिक्षकाच्या मुलाविषयी मला विचारले, तर त्याची हवी ती शाखा कराडला उपलब्ध असून तीत कायम शिक्षक पुरेसे असतील, तर मी कराडचे नाव वर लिहावयास सांगेन. पुण्यात काही वेगळीच शाखा असेल, जिची ओढ त्याला अकरावीपासून आहे आणि जी जवळ कोठेच नाही, तर पुणे. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांची निश्चिती झाली असेल तरीही पुणे. निर्णय घेतल्यावर तो बदलावयाचा झाला तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही, आणि मुदतीत प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळते, हेही पालकाला ठाऊक असावे. अज्ञानापोटी नको त्या जागी अडकून राहिलेली मुले थोडी नाहीत.

आणि नावाची ज्यांना खरोखरीच आस आहे त्यांच्यासाठी दुसरे दार उघडे आहे. कराडहून पदवी घेऊन ‘गेट’ उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी मुंबईच्या आयआयटीत किंवा पुण्या-मुंबईच्या जुन्या तंत्रसंस्थांत एम. टेक.ला जाऊ शकतो, आणि तेथे त्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. बाविसाव्या वर्षी घरावर कर्ज नसेल तर तो ही आणखी दोन वर्षे निश्चिंत मनाने घेऊ शकेल. कर्ज असेल तर मिळेल ती पहिली नोकरी त्याला पत्करावी लागण्याचाच संभव अधिक.